चौदावं कलम

१ सप्टेंबर, मंगळवार

ही डायरी गेल्या वर्षीची. कंपनीने पाचशे छापल्या, दोनशे वाटल्या, उरलेल्या माझ्या कपाटाखाली धूळ खात पडल्या आहेत. तारखा चालतात, वार मात्र सगळे एकेका दिवसाने चुकलेले. छापलेला सोमवार मी लाल पेनाने खोडला आणि वर मंगळवार लिहिला. रोज असंच करणार. चुकीचा वार डोळ्यांसमोर असताना मला एक ओळसुद्धा सुचणार नाही. आमचे हे म्हणाले, "अगं, तुझ्या डायरीचे वार कोण तपासायला येणार आहे?" मी येणार आहे! एकोणीस वर्षं हिशेब खात्यात काढली. माझ्या वहीतला एक आकडा आजवर कुणाला खोडावा लागला नाही.

लिहायला बसले कारण डोकं तापलंय आणि बोलायला गेले की माझा आवाज चढतो.

आमची कंपनी कानाची यंत्रं बनवते. सहा वर्षांपूर्वी दादांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सेहेचाळीस जणांना कंपनीचे शेअर द्यायचं ठरवलं. फुकट नाही आणि लगेचही नाही. ऑप्शन दिले. म्हणजे चार वर्षं टिकून काम करा, मग कधीही दहाला एक या भावाने शेअर घ्या, तेव्हा बाजारात त्याची किंमत काहीही असो. ती चार वर्षं दोन वर्षांपूर्वीच पुरी झाली. लोक निवांत होते. घाई कशाची?

आज नव्या अर्थप्रमुखांनी मला बोलावलं. त्यांना येऊन आठ महिने झाले. शर्टाला अशी कडक घडी की आमच्या ह्यांनी, जे स्वतः शिंपी आहेत, एकदा बघून त्यांचं नाव 'इस्त्री' ठेवलं. तर इस्त्री म्हणाले, "मॅडम, सेहेचाळीस पत्रं काढायची. ऑप्शन वापरायचे असतील तर तीस तारखेच्या आत. नंतर रद्द."

मी म्हटलं, "रद्द म्हणजे?"

"म्हणजे रद्द. संचालक मंडळाला तो अधिकार आहे, योजनेतच लिहिलंय."

लिहिलंय खरं. ती योजना मीच टाइप केली होती. पण म्हणून तो अधिकार असा वापरायचा? उद्या पत्रं काढायची आहेत.

४ सप्टेंबर, शुक्रवार

पत्रं वाटली. पहिला अर्धा तास कारखान्यात नुसता आनंद. लोकांना वाटलं बक्षीस लागलं. आमचा माल पोचवणारा गाडीवाला हॉर्न वाजवत फाटकातून आत आला. पहारेकऱ्याने त्याला झापलं, तर म्हणतो, "नीट बोल, कंपनीच्या मालकाशी बोलतोयस!"

दुपारी भिंगवाली मावशी माझ्या टेबलाशी आली. कारखान्यातली सगळ्यात जुनी कामगार. भिंगाखाली केसाएवढी तार जोडते, अठ्ठावीस वर्षं. आता डोळे थकलेत, डिसेंबरात निवृत्त होईल. तिचे पाचशे ऑप्शन.

"ताई, म्हणजे पाच हजार भरले की झालं ना? साठवलेत मी तेवढे."

मला सांगावं लागलं. पाच हजार शेअरचे. वर कर. मूल्यांकन करणाऱ्याने शेअरचा भाव चारशे दहा काढलाय. तिला तो दहाला मिळतो. मधले चारशे हे तिचं उत्पन्न, पगारासारखंच, आणि शेअर हातात घेतला त्याच दिवशी त्यावर कर लागतो. पाचशे गुणिले चारशे म्हणजे दोन लाख. त्याचा पाचवा हिस्सा, चाळीस हजार, या महिन्याच्या पगारातून कापायचा. तिचा पगार चोवीस हजार.

"पण मी विकलेच नाहीत तर उत्पन्न कसलं?"

"विकायचा संबंध नाही, मावशी. घेतले की झालं उत्पन्न."

"मग घेऊन लगेच विकते."

"विकता येणार नाहीत. आपली कंपनी बाजारात नाही. कोण घेणार?"

तिने पत्र पुन्हा एकदा भिंगाखाली धरलं. मग पत्राची घडी घालून भिंगाच्या डबीत ठेवली आणि कामाला गेली. माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

७ सप्टेंबर, सोमवार

आज घरी ह्यांना सगळं समजावून सांगितलं. मशीन चालवता चालवताच ऐकत होते. मग मशीन थांबवलं.

"म्हणजे बघ, सहा वर्षांपूर्वी मी एक तागा दहाच्या भावाने बांधून ठेवला. आज दुकानात तोच चारशेच्या वर. मी तो घरी आणून कपाटात ठेवला, त्याचा एक शर्टसुद्धा शिवला नाही, आणि दारात माणूस उभा, वरच्या चारशेंवर कर द्या म्हणून."

"अगदी बरोबर."

"आणि ताग्याला गिऱ्हाईक नाही."

"नाही."

"आणि तीस तारखेला कपाटाचं दार कायमचं बंद."

"हो!"

"मग हे तुमच्या इस्त्रीला माहीत नाही का?"

माहीत कसं नसेल? त्याच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? दादांच्या कानावर हे नीट गेलेलं नाही, हीच सगळी गोम आहे.

९ सप्टेंबर, बुधवार

दादांनी स्वतःहून बोलावलं! मला माहीतच होतं. दारातच म्हणाले, "बस. पत्रं गेली ना? लोक काय म्हणतात?" मी भडाभडा सगळं सांगितलं. मावशीचंही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या अंदाजाने कितीजणांना जमेल?"

मी यादीच काढून नेली होती. एकेक नाव वाचून सांगितलं. नऊ, फार तर दहा. बाकी छत्तीस-सदतीस जणांना शक्य नाही.

"नक्की?"

"दादा, मी त्यांचे पगार काढते. कुणावर किती कर्ज आहे तेही मला ठाऊक आहे."

"बरं," म्हणाले. यादी ठेवून घेतली. इतका मोठा माणूस, पण एकेका माणसाची चौकशी करतो. बाहेर आले तेव्हा पिसासारखं हलकं वाटत होतं. आता ते इस्त्रीला चांगलं फैलावर घेतील.

कारखान्यात आज दोन पाहुणे फिरत होते. डोक्यावर टोप्या, हातात वह्या, एकेक यंत्र मोजत होते. विमावाले असावेत.

१२ सप्टेंबर, शनिवार

काहीच झालेलं नाही. उलट इस्त्रीने आज सांगितलं की एक ऑक्टोबरची नोंद आत्ताच तयार ठेवा, रद्द झालेल्या ऑप्शनची.

ही नोंद काय ते इथे लिहिते, म्हणजे माझा राग उगाच नाही हे निदान कागदाला तरी कळेल.

ऑप्शन दिले त्या दिवशी एकेकाची किंमत बासष्ट धरली होती. एकतीस हजार ऑप्शन. एकोणीस लाख बावीस हजार. चार वर्षं, दर तिमाहीला, मी माझ्या हाताने तो खर्च लिहिला. कुठल्या खात्यात? कर्मचाऱ्यांच्या पगार-खर्चात. नियमच तसा आहे आणि बरोबर आहे. माणूस काम करतो, त्याचा हा मोबदला. आणि त्याच चार वर्षांत पगारवाढ मागायला गेलं की दादा हसून म्हणायचे, "अरे, तुमच्यावर पगाराशिवायही खर्च चाललाय की!" मीच त्यांना तो आकडा काढून द्यायची.

आता ऑप्शन रद्द झाले तर तो खर्च मागे फिरत नाही. लोकांना दमडी मिळणार नाही, पण हिशेबात मात्र त्यांना पगार दिलेलाच दिसत राहणार. आणि जमलेली रक्कम मालकांच्याच भांडवलात एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाणार. एका ओळीची नोंद. लिहायला अर्धं मिनिट लागतं.

मी इस्त्रीला म्हटलं, "तीस तारखेआधी एक तारखेची नोंद मी करत नाही."

"तयार ठेवा म्हटलं, करा नाही म्हटलं."

"तयारही ठेवत नाही."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जसं टेबलानेच उलट उत्तर दिलंय. पाहू दे.

१५ सप्टेंबर, मंगळवार

घाईघाईने लिहितेय. अक्षर घाणेरडं आलंय, येऊ दे.

आज मूळ योजना काढून पहिल्यापासून वाचली. इस्त्री जे दाखवतो तो एका पानाचा सारांश आहे. मूळ बावीस पानं, खाली दादांची सही, आणि भागधारकांच्या सभेचा ठराव जोडलेला. कलम चौदा असं: कर्मचाऱ्याने मागितल्यास, त्याच्या करापुरते शेअर कंपनीने स्वतःकडे राखून ठेवावेत, तेवढा कर कंपनीने भरावा आणि उरलेले शेअर कर्मचाऱ्याला द्यावेत.

म्हणजे मावशीला चाळीस हजार आणायचेच नाहीत. चारशे दहाच्या भावाने अठ्ठ्याण्णव शेअर कंपनी ठेवून घेणार, चारशे दोन तिचे. पाच हजार भरले की झालं!

आनंदाने उडायला हवं होतं. पण मला आठवलं की हे कलम तिथे असायलाच नको होतं. सहा वर्षांपूर्वी मी एका जुन्या नमुन्यावरून मसुदा केला होता. दादांनी केबिनमध्ये वाचला, पेन्सिलने चौदाव्यावर रेघ मारली आणि म्हणाले, "हे काढ, उगाच डोक्याला ताप." मी मान डोलावली. त्या आठवड्यात वर्षअखेरचं काम होतं, माझ्या आईचं ऑपरेशन होतं, आणि मी जुनीच प्रत छापायला दिली. दादांनी सही केली. सभेने मंजूर केली. सहा वर्षं कुणी उघडली नाही.

माझी चूक. माझी. एकोणीस वर्षांत एक, आणि तीही इतकी मोठी.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

तीन दिवस गिळून बसले होते. आज दादांकडे गेले. सरळ सांगितलं, "दादा, योजनेत चौदावं कलम काढायचं राहून गेलंय. चूक माझी. पण आता ते आहे, तर लोकांना त्याचा फायदा द्या. तुम्हालाच बरं वाटेल."

त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. साहजिक आहे, माझ्याकडून चूक होईल असं त्यांना कधी वाटलं नसणार. मग म्हणाले, "आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"छान. सांगू नकोस. मी बघतो."

मला रडूच आलं. चूक कबूल केल्यावर माणसाला किती मोकळं वाटतं. उठून माझ्यासाठी पाणी ओतलं त्यांनी.

१९ सप्टेंबर, शनिवार

इस्त्रीने सकाळी एक कागद पुढे केला. मी सही करायची. मजकूर असा की योजना टाइप करताना माझ्याकडून नजरचुकीने कलम चौदा राहिलं, ते मूळ हेतूत नव्हतं, सबब ते नसल्यासारखं समजावं.

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"मॅडम, कंपनी आहे. गोष्टी कळतात."

दाराला कान लावला असणार! काल मी दादांच्या केबिनमधून निघाले तेव्हा हा बाहेरच घुटमळत होता.

पुढे म्हणाला, "तुमचे स्वतःचे बाराशे ऑप्शन आहेत ना? तुमचा कर कंपनी भरेल. वेगळी व्यवस्था करू. शेवटी कागदात खोटं काय आहे? चूक झालीच ना?"

इथेच मी अडकले. खोटं काहीच नाही. प्रत्येक शब्द खरा आहे. मी आयुष्यभर खऱ्या कागदावर सही करत आले आणि आज खऱ्या कागदावर सही करायची माझी छाती होत नाही. सोमवारपर्यंत विचार करते म्हणून कागद घरी आणला.

२१ सप्टेंबर, सोमवार

ह्यांच्याशी भांडण. कागद वाचून म्हणाले, "तू हे फक्त दादांना सांगितलं होतंस ना?"

"इस्त्रीने चोरून ऐकलं."

"हं."

"हं काय?"

"काही नाही. जाड दार आहे ना त्या केबिनला? तूच सांगत होतीस, यंत्रं तपासायची म्हणून अख्ख्या इमारतीला जाड दारं बसवलीत."

मी ताडकन उठले. ज्या माणसाने माझ्या आईच्या ऑपरेशनला न मागता पैसे दिले त्याच्याबद्दल असं बोलता? हे गप्प बसले, पण कात्री खाली ठेवली नाही. नको त्या वेळी गप्प बसायची ह्यांची सवय मला मुळीच आवडत नाही.

इस्त्रीला आज सही दिली नाही. पोट बिघडल्याचं सांगून दुपारीच घरी आले. खोटं बोलले.

२३ सप्टेंबर, बुधवार

कागद आज पुन्हा वाचला. घाईत एक ओळ नजरेतून सुटली होती. "संस्थापकांनी त्यांच्या केबिनमध्ये मसुद्यावर पेन्सिलने खूण करून तोंडी सूचना देऊनही."

मी शुक्रवारी पेन्सिलचं बोलले नव्हते. 'काढायचं राहून गेलंय' एवढंच म्हटलं होतं. दाराला कान लावून ऐकणाऱ्याला पेन्सिल कुठून ऐकू येणार? त्या दिवशी केबिनमध्ये दोघंच होतो. इस्त्री तर तेव्हा कंपनीतही नव्हता.

जेवण गेलं नाही. नऊ तारखेला मी यादी वाचून दाखवली होती. एकेक नाव. कुणाला जमणार नाही, कुणावर किती कर्ज. "नक्की?" असं त्यांनी विचारलं आणि मी नक्की म्हटलं. माझ्याच तोंडाने मोजून दिलं.

मला फार वाईट वाटतंय. राग नंतर येईल.

२४ सप्टेंबर, गुरुवार

राग आला.

इस्त्रीच्या टेबलावर कागद सही न करताच परत ठेवला. तो म्हणाला, "मॅडम, चूक नाकारताय?"

"नाही. चूक शंभर टक्के माझी आहे. पण मी ती सहा वर्षांपूर्वी केली, तेव्हा तुम्हाला कुणाला दिसली नाही. वर सही झाली, सभा झाली, हात वर झाले. आता ती चूक राहिलेली नाही. तो नियम झालाय."

"विचार करा. तुमच्या नोकरीला किती वर्षं राहिलीत?"

"अकरा. मोजून ठेवलीत मी."

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "मग आता दाखव त्यांना चौदावं रत्न." सोमवारबद्दल चकार शब्द काढला नाही. मीच म्हटलं, "तुमचं बरोबर होतं." तर म्हणतात, "कशाबद्दल?"

२६ सप्टेंबर, शनिवार

कारखान्यात एक शांत खोली आहे. यंत्रं तपासायला. भिंतींना जाड फोम, आत बोललेलं बाहेर जात नाही आणि बाहेरचं आत येत नाही. चार माणसं मावतात. म्हणजे मी आणि तिघं. पंचेचाळीस जण, पंधरा फेऱ्या. काल आणि आज, जेवणाच्या सुट्टीत आणि सुटल्यावर, आम्ही ते केलं.

प्रत्येक तिघांना मी चौदावं कलम वाचून दाखवलं. मग अर्ज. अर्जात शेवटी एक मोकळी ओळ आहे, 'इतर विनंती'. तिथे प्रत्येकाने स्वतःच्या अक्षरात लिहायचं: 'कलम चौदाप्रमाणे माझ्या करापुरते शेअर राखून घ्यावेत.' ज्या दहा जणांना कर भरणं जमत होतं त्यांनीही तेच लिहिलं. मी सांगितलं नव्हतं.

गाडीवाल्याने विचारलं, "ताई, हे तुमच्या नोकरीवर येणार का?"

"येईल."

"मग कशाला करताय?"

मी अर्ज त्याच्यापुढे सरकवला. म्हटलं, "माझ्या वहीत तुझा पगार लिहिलाय. दिलेला. तो तुला मिळाला नाही तर माझी वही खोटी ठरते." तो हसला. म्हणाला, "तुम्ही वहीसाठीच करणार, माहितीय आम्हाला."

मावशीला ओळ लिहायला वेळ लागला. भिंग काढून धरलं तेव्हा जमलं. लिहून झाल्यावर मी तिला सांगितलं की हे कलम माझ्या चुकीमुळे राहिलंय. तिने भिंगातून वर पाहिलं. एक डोळा केवढा मोठा दिसत होता.

"अठ्ठावीस वर्षांत मी एक तार उलटी जोडली होती," म्हणाली. "ते यंत्र जास्त चांगलं चाललं. मी कुणाला सांगितलं नाही."

त्या खोलीत आम्ही चौघी इतक्या हसलो आणि बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही.

३० सप्टेंबर, बुधवार

सगळं नीट लिहायचंय.

सकाळी नऊला सेहेचाळीस अर्ज घेऊन गेले, सोबत शेअरच्या रकमेच्या पावत्या. माझाही अर्ज त्यात. आवक-वहीत एकेकाची नोंद केली, प्रत्येक प्रतीवर पोचशिक्का मारला. शिक्क्याचा आवाज ऐकून इस्त्री बाहेर आला. वरचा अर्ज वाचला, मग दुसरा, मग गठ्ठ्याच्या मधला एक ओढून काढला. सगळीकडे तीच ओळ.

तो दादांना घेऊन आला. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना बघून मी उभी राहिले असते. आज बसून राहिले. शिक्क्याची डबी बंद केली.

"तू स्वतः येऊन मला सांगितलंस की ही चूक आहे," दादा म्हणाले. आवाज हळू. "मी तुला मुलीसारखं वागवलं."

"हो दादा. ते मी विसरले नाही. ऑपरेशनचे पैसे मी दोन वर्षांत फेडले, तेही विसरले नाही."

"मग हे काय आहे?"

"ही सेहेचाळीस माणसांची मागणी. योजनेप्रमाणे."

"ते कलम मी काढायला सांगितलं होतं!"

कारखान्यातली यंत्रं थांबली होती. लोक दारात येऊन उभे होते. मावशी पुढे, गळ्यात भिंग.

मी म्हटलं, "सांगितलं होतंत. मी विसरले. चूक माझी, दादा. पण सही तुमची."

त्यांनी इस्त्रीकडे पाहिलं. मग इस्त्री म्हणाला, "अर्ज नामंजूर होतील."

"चालेल. लेखी द्या. सेहेचाळीस जणांना सेहेचाळीस पत्रं, कलम चौदा का लागू नाही याच्या कारणासह, तुमच्या सहीने. मी आत्ता टाइप करून देते. या वेळी एक ओळही राहणार नाही."

का कुणास ठाऊक, 'लेखी' म्हटल्यावर दोघंही एकदम बैठकीच्या खोलीकडे बघायला लागले. काचेपलीकडे ते टोपीवाले विमावाले बसले होते, पुढ्यात आमच्या फायलींचा ढीग. त्यांतला एक काचेतून आमच्याकडेच बघत होता. विमावाल्यांसमोर पाणउतारा नको असं वाटलं असावं.

दादांनी इस्त्रीच्या हातातला अर्ज काढून घेतला, गठ्ठ्यावर ठेवला आणि कडा नीट जुळवल्या. "करून टाका," म्हणाले. माझ्याकडे न बघता गेले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशी म्हणाली, "चला, तीन वाजेपर्यंत चाळीस नग द्यायचेत." यंत्रं सुरू झाली. मी खुर्चीवर बसूनच होते. आवक-वहीतल्या सेहेचाळीस नोंदी पुन्हा एकदा मोजल्या.

५ ऑक्टोबर, सोमवार

माझी बदली गोदामात. खोकी मोजायची. पत्रात लिहिलंय, 'आपल्या काटेकोरपणाचा तिथे अधिक उपयोग होईल.' मोजणार. एक खोकं कमी निघालं तर लेखी विचारणार.

जाण्याआधी शेवटची नोंद माझ्या हाताने केली. ऑप्शन रद्दची नाही. सेहेचाळीस नावांवर शेअर दिल्याची, कर भरल्याची आणि राखून घेतलेल्या शेअरची. ती एका ओळीत मावत नाही. पावणेतीन पानं झाली. रेघा आखून काढली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सूचना फलकावर कागद लागला. कंपनी विकली जातेय. नवे मालक प्रत्येक शेअरला सहाशे पंचावन्न देणार. बोलणी जूनपासून चालू होती. म्हणजे पत्रं काढली तेव्हा दादांना हा भाव माहीत होता, आणि आमचे ऑप्शन रद्द झाले असते तर आमचा वाटा कुणाच्या पदरात पडला असता हेही. ते विमावाले विमावाले नव्हते, नव्या मालकांनी कागद तपासायला पाठवलेली माणसं होती; त्यांच्यासमोर दादांना लेखी वाद नको होता. मी ह्यांना सांगायला धावले तर म्हणाले, "अगं, विमावाले कधी फायली वाचतात का?" ह्यांना सगळंच आधी कळतं आणि सांगत काही नाहीत!

मावशी गोदामात आली. चारशे दोन गुणिले सहाशे पंचावन्न. मी तोंडी सांगितलं, दोन लाख त्रेसष्ट हजार तीनशे दहा. वर नफ्यावर थोडा कर लागेल हेही सांगितलं.

"पुन्हा कर?"

"पुन्हा. पण आता पैसे हातात आल्यावर."

"मग देऊ की," मावशी म्हणाली. "आल्यावर द्यायला माझी कधी ना होती?" माझ्या खोक्यांच्या ढिगावर बसून तिने चहा घेतला. डोळे दाखवायला चांगल्या डॉक्टरकडे जाणार आहे, निवृत्तीची वाट न बघता.

दादा दुपारी गाडीत बसताना दिसले. त्यांनी मला पाहिलं. मी नजर खाली घातली नाही.

या डायरीत मी दीड महिना रोज वार दुरुस्त केला. आज वर मंगळवार छापलाय, खरा बुधवार आहे. लाल पेन हातात घेतलं होतं. परत टोपण लावलं.